आधी साल्सा चाखा, मग मेक्सिकन वाइन मागवा

मेक्सिको सिटीत आमच्याकडे पाहुणे आले की रेस्टॉरंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "मटण मागवतोय, म्हणजे रेड वाइन ना?" इथे हा हिशेब जमत नाही. बदक, डुक्कर की कोळंबी हे मी नंतर बघते. वर घातलेला साल्सा, म्हणजे मिरचीचा सॉस, किती तिखट, किती आंबट आणि किती भाजका, त्यावरून वाइन ठरवते. आणि शक्यतो मेक्सिकोचीच मागवते.

अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो. कोवळ्या रेड वाइनमधला तुरटपणा त्यात आणखी बोचतो. गारवा आणि किंचित गोडी मात्र जाळ शमवतात. म्हणून लेबलवर १४.५ टक्के लिहिलेली बाटली हिरव्या साल्साबरोबर उघडू नका.

वेटरला "पिका?", म्हणजे तिखट आहे का, असं विचाराल तर तो हसून "नो पिका" म्हणेल. त्यावर जाऊ नका. साल्सा आधी आणायला सांगा आणि चमच्याच्या टोकावर घेऊन चाखा. आपल्याला तिखटाची सवय असते खरी, पण हाबानेरो या जहाल मिरचीपुढे ती फार टिकत नाही.

सुरुवातीला बहुधा अग्वाचिले येतं: कच्ची कोळंबी, लिंबाचा रस, हिरवी मिरची, काकडी, कांदा. याच्याबरोबर बाहा कॅलिफोर्नियातल्या वाये दे ग्वादालुपे या खोऱ्यातली शेनाँ ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ ही व्हाइट वाइन घ्या, चांगली गार. लिंबाच्या तोडीचा आंबटपणा नसेल तर वाइन पाणचट लागते. फसफसणारी वाइन इथे नको, बुडबुडे मिरचीच्या जोडीने जीभ टोचतात. क्वेरेतारो राज्यातली स्पार्कलिंग तळलेल्या माशाच्या टाकोसाठी (दुमडलेल्या पोळीत भरलेला मासा) राखून ठेवा. त्या खरपूस, तेलकट आवरणावर ती झकास लागते.

खरी परीक्षा मोलेची, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या दाट सॉसची. शेफ एन्रिके ओल्वेराच्या पुखोल या इथल्या रेस्टॉरंटमध्ये 'मोले माद्रे' मिळतं. ताटात जुन्या, पुन्हापुन्हा गरम करून हजाराहून जास्त दिवस मुरवलेल्या मोलेचं जवळजवळ काळं वर्तुळ, त्याच्या मधोमध ताज्या मोलेचा तांबूस ठिपका आणि सोबत गरम टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या. मांस नाहीच! मग 'मांसाला रेड' हा नियम लावणार कशाला? आधी बाहेरचं चाखा: कडसर, धुरकट, खोल. मग मधलं: जास्त गोडसर, मसाले सुटे-सुटे कळणारं. मोले म्हणजे चॉकलेटचा सॉस अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते आपल्या गोड्या मसाल्याच्या कुळातलं वाटतं, चॉकलेट असलंच तर पाठीमागे कुठेतरी. काबर्ने सोव्हिन्याँसारखी तुरट, तरुण रेड इथे शाईसारखी लागते. पिकल्या फळांची चव असलेली, तुरटपणा कमी झालेली रेड, म्हणजे ग्रेनाश किंवा थोडी जुनी टेम्प्रानियो, मागा.

बाहाची नेब्बियोलो ही रेड इटलीतल्यासारखी फिकट नसते. गडद आणि दणकट असते. ती निखाऱ्यावरच्या गोमांसाला किंवा कोकराच्या बार्बाकोआला (मंद शिजवलेल्या मांसाला) द्या, तेही साल्सा बेताचा तिखट असेल तर. वाये दे ग्वादालुपेच्या काही रेड वाइनमध्ये शेवटी हलकी खारट चव येते. तिथल्या भूजलात क्षार आहेत, त्याचा हा परिणाम. बाटली खराब समजून परत पाठवू नका.

कोचिनिता पिबिल या मंद शिजवलेल्या डुकराच्या मांसात आचिओते (लाल रंगाच्या बियांचा मसाला), कडू संत्र्याचा रस आणि वर आंबट रसात मुरवलेला कांदा असतो. तिथे मी सरळ रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, मागवते. यादीत कोआविला राज्यातल्या पार्रासची कासा मादेरो दिसली तर ती बघा. १५९७ पासूनची ही वाइनरी अमेरिका खंडांतली सर्वांत जुनी आहे.

शाकाहारी पाहुण्यांसाठी वित्लाकोचे, म्हणजे मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी. दिसायला कशीही असो, चव मशरूमच्या जवळची. हलकी, जराशी गार टेम्प्रानियो तिला छान जाते. फ्रिहोलेस, म्हणजे शिजवलेले घेवडे, मागवताना मात्र डुकराची चरबी घातली आहे का ते विचारा, बऱ्याचदा असते.

देशी वाइन म्हणजे स्वस्त, असं इथे नाही. १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनवर २६.५ टक्के विशेष कर आणि वर १६ टक्के व्हॅट बसतो. त्यामुळे चार जणांत दोन बाटल्या फोडण्यापेक्षा "पोर कोपेओ" विचारा, म्हणजे ग्लासावर काय मिळतं ते. प्रत्येक पदार्थाला वेगळा ग्लास घेता येतो. रेड वाइन कोमट आली तर "उना हिएलेरा, पोर फावोर" म्हणा. बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं पुरतात.

काही ठिकाणी जेवणाआधीच मेझकालचा, म्हणजे अगावेपासून केलेल्या कडक दारूचा, छोटा पेला पुढे येतो. नको म्हणायचं कारण नाही, पण मी तो गोड पदार्थापर्यंत बाजूला ठेवते. चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांचा घोट आधी घेतला की अग्वाचिलेबरोबरच्या शेनाँची चवच लागत नाही.