घरच्या रातांब्यांची आमसुलं, वळीव यायच्या आत

दुकानातलं आमसूल दोन बोटांत धरून चोळा. खरखरीत मिठाचे खडे हाताला लागले, तर तेवढं मीठ तुम्ही आमसुलाच्या भावाने विकत घेतलंय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं, पण मानांकन काही पिशवीतलं मीठ मोजायला येत नाही. म्हणून मी रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळांची, आमसुलं घरी करते. अवघड त्यात काही नाही. सलग सात-आठ दिवसांचं कडक ऊन मात्र हवं, आणि मे महिन्यात नेमकं त्याचीच खात्री नसते.

ज्यांना झाडच लावायचंय त्यांच्यासाठी आधी थोडं. रोप नको, कलम लावा. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून सात-आठ वर्षं पाणी घालावं आणि फुलं आल्यावर कळावं की हा तर नर, असं कोकणात कित्येकांच्या परसात झालंय. मादी झाडाचं कलम घेतलं की हा प्रश्न मिटतो, आणि फळंही लवकर धरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात मला आवडते ती एका कारणासाठी : तिची बरीचशी फळं पावसाच्या आधी हाती लागतात. झाड उंच वाढतं, त्यामुळे गॅलरीतल्या कुंडीत लावायच्या फंदात पडू नका. शहरात असाल तर मे महिन्यात गावाहून येणाऱ्या कुणाला तरी एक टोपली आणायला सांगा.

फोडणं

फळ लालभडक, जांभळटाकडे झुकलेलं हवं. हिरवट राहिलेलं असेल तर दोन दिवस तसंच ठेवा. फुटलेली, किडकी बाजूला काढा. धुऊन पूर्ण कोरडी करा, मग आडवी कापून दोन वाट्या करा. बिया आणि पांढरा गर एका पातेल्यात, साली दुसऱ्यात. रातांब्याच्या वजनातलं साधारण निम्मं सालीचं असतं, म्हणजे पाच किलोंतून अडीच किलोंच्या आसपास साली निघतील. मुलं शेजारी बसली असतील तर गर कमीच भरेल. खाऊ द्यात, दात आंबले की आपोआप थांबतात.

भांडी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ-तांबं या आंबटाला चालत नाही. जुनी साडी नेसा किंवा जुना शर्ट घाला, हा डाग जात नाही.

पूट देणं

नुसती साल वाळवली तर ती आंबट होईल, पण कागदासारखी पातळ आणि फिकी. आमसूल काळंभोर, मऊ आणि जाडसर होतं ते पुटांमुळे, म्हणजे साल पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवल्यामुळे. गरात किलोला १०० ग्रॅम या हिशेबाने जाडं मीठ घालून हाताने चांगलं कुस्करा. तासाभरात रस सुटतो. तो गाळून घ्या, बिया टाकू नका.

आता साली रात्रभर या रसात बुडवून ठेवा. सकाळी निथळून स्वच्छ कापडावर किंवा सुपात, पोकळ बाजू वर करून, एकेक सुटी पसरा. संध्याकाळी आत आणून पुन्हा रसात. असं चार-पाच वेळा. दर पुटाला रस कमी होत जातो आणि रंग गडद होत जातो. शेवटच्या पुटानंतर दोन-तीन दिवस नुसतं ऊन. साल मुडपली तर वाकली पाहिजे, तुटता कामा नये, आणि दाबल्यावर बोट ओलं होता कामा नये.

एका वर्षी चौथ्या दिवशी वळीव आला. मी अर्धवट साली पंख्याखाली पसरल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर पांढरी बुरशी. टोपलीभर माल खताच्या खड्ड्यात गेला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की साली बाहेर काढतच नाही. रसात आणखी थोडं मीठ टाकते आणि ऊन पडेपर्यंत बुडवून ठेवते. चव जरा खारट होते, पण माल वाचतो. ओव्हन असेल तर ६० अंशांच्या आत, दार किंचित उघडं ठेवून वाळवता येतात. उन्हातल्यांची सर त्यांना नाही, हे माझं मत.

त्याच टोपलीतून आणखी

सरबतासाठी सगळ्यात चांगल्या, जाड साली आधीच बाजूला काढा. किलोभर सालींना दीड ते दोन किलो साखर. काचेच्या बरणीत सालीच्या वाटीत साखर भरून थर लावा, तोंडाला कापड बांधा, आठवडाभर उन्हात ठेवा, रोज कोरड्या चमच्याने ढवळा. पाण्याचा थेंबही नको. साखर विरघळली की गाळून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घाला. एक वाटी पाकाला पाच-सहा वाट्या पाणी. उरलेल्या साखरेतल्या साली आमटीत घाला, गूळ घालावा लागत नाही.

आगळ म्हणजे साली, गर आणि किलोला १५०-२०० ग्रॅम मीठ बरणीत भरून, रोज ढवळून, आठवड्याने गाळलेला रस. वर्षभर टिकतो. एका नारळाच्या दुधाला तीन-चार चमचे आगळ, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घातली की सोलकढी तयार. चाखल्याशिवाय मीठ घालू नका.

आणि बिया : धुऊन, खडखडीत वाळवून ठेवा. पावसाळ्यात निवांतपणे कुटून पाण्यात उकळा. वर तूप तरंगतं, गार झालं की थिजतं. त्याचे मुठीने गोळे वळतात, म्हणून ते मुठेल. भेगाळलेल्या टाचांना रात्री चोळून मोजे घालून झोपा.

आमसुलं पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा, उन्हातून आणून लगेच झाकण लावलं तर आत घाम धरतो. पहिल्या आमटीला चार टाका आणि मीठ नेहमीपेक्षा निम्मंच घाला, बाकीचं उकळी आल्यावर बघून.