रानडुकराचा वाटा शेजारी देण्याआधी

टेक्सासात रानडुकरांसाठी सापळा लावलात तर पहिल्याच रात्री दार पाडायची घाई करू नका. काही दिवस दार उघडं ठेवून आत मका टाकत राहा. पिल्लांमागून मोठ्या माद्याही आत शिरून निवांत खाऊ लागल्या, की मगच दार पाडा. अर्धा कळप बाहेर राहिला तर तो शहाणा होतो, पुन्हा सापळ्याकडे फिरकत नाही.

सोलताना रबरी हातमोजे हवेतच. ब्रुसेलोसिस या रानडुकरांकडून माणसाला लागणाऱ्या जंतूंच्या आजाराला बोटावरची बारीकशी चीरही पुरते. मांस लगेच बर्फात घाला. शेजाऱ्यांना वाटा देताना पिशवीवर ठळक लिहा: ‘रानडुक्कर. मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसून ७१ अंश सेल्सियस दिसेपर्यंत शिजवा.’ नुसतं फ्रीजरमध्ये ठेवल्याने सगळे जंतू मरत नाहीत.