क्रोशाचे गजरे, कानातली, पर्स विकायला काढताय? या चुका टाळा

संक्रांतीच्या वाणासाठी पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. 60 गजरे, 80 रुपये नग, आठ दिवसांत. मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर हिशोबाला बसले. एका गजऱ्याला सव्वा तास, म्हणजे 60 गजऱ्यांना 75 तास. घरचं सगळं सांभाळून रोज नऊ तासांच्या वर सुई हातात. ऑर्डर वेळेत दिली, पण शेवटच्या दोन दिवसांत मनगट इतकं धरलं की पोळी लाटता येईना.

पैशांचं काय झालं तेही सांगते. मिल्क कॉटन नावाच्या मऊ सुताचा 100 ग्रॅमचा गुंडा मला 160 रुपयांना पडायचा. गजऱ्याला 25 ग्रॅम सूत, म्हणजे 40 रुपये. क्लिप 6, पाकीट आणि कार्ड 9. एकूण 55. उरले 25 रुपये, तेही सव्वा तासाच्या कामाचे. म्हणजे तासाला 20 रुपये! आपल्याकडे बहुतेक जणी इथेच फसतात. सुताचा खर्च पै पै मोजतात आणि स्वतःचे तास मोजतच नाहीत, कारण "नाहीतरी टीव्ही बघता बघताच विणते". छंद म्हणून विणताना ते ठीक आहे. विकायला बसलात की प्रत्येक तासाला दर हवा. मी तासाचे 70 धरले, फुकट जाणाऱ्या नगांसाठी वर दहा टक्के घातले, आणि तोच गजरा आता 160 ला देते.

"अगं, सूतच तर आहे, त्याचे एवढे पैसे?" असं म्हणणाऱ्या काकू भेटतातच. त्यांच्यापुढे ओशाळू नका. बाजारात मशीनची, क्रोशासारखी दिसणारी लेस मिळते, पण क्रोशाचा टाका हातानेच घालावा लागतो. हे मी शांतपणे सांगते आणि शक्य असेल तर समोर एक कळी विणून दाखवते. घासाघीस तिथेच थांबते. जास्त नगांवर सूट द्यायची असेल तर ती घाऊक सुताच्या बचतीतून द्या, आपल्या तासांतून कधीच नको.

आता मालाच्या तक्रारी. सगळ्यात वाईट तक्रार रंग जाण्याची. माझ्या मरून चोकरचा डाग एका ताईंच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजवर पडला, घामाने. पैसे परत केले, पण ब्लाउज काही परत येणार नव्हता. तेव्हापासून लाल, मरून, गडद निळा, काळा असा कुठलाही नवा गुंडा आला की आधी वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवते, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून वजनाखाली रात्रभर ठेवते. कापडाला रंग लागला तर धुऊन पुन्हा एकदा तेच. दुसऱ्यांदाही लागला तर ते सूत अंगावर घालायच्या वस्तूला वापरत नाही, तोरणाला वापरते. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून सुताचा कच्चा रंग पक्का होत नाही, त्यावर विसंबू नका.

गोल पर्सचा तळ सपाट बसत नसेल तर दोष सुईचा नसतो, मोजणीचा असतो. कडा झालरीसारख्या फुगल्या तर टाके जास्त, वाटीसारखा खोलगट झाला तर कमी. मुक्या खांबाने (आखूड टाका, अमेरिकन सिंगल क्रोशे) विणताना प्रत्येक फेरीत 6 टाके वाढवायचे, पूर्ण खांबाने (उंच टाका, अमेरिकन डबल क्रोशे) विणताना 12. परदेशी व्हिडिओ बघून विणत असाल तर आणखी एक घोळ होतो: अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठला आहे हे न बघता विणलं तर वस्तूचं माप पार बदलतं.

पर्सचा पट्टा पूर्ण खांबाने विणला की महिनाभरात गुडघ्यापर्यंत लोंबतो. पट्टा मुक्या खांबाचाच ठेवा आणि आतून सुती निवारपट्टी शिवा. नवीन डिझाइन विक्रीला काढण्याआधी त्यात दोन किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगते. सकाळी पट्टा किती वाढला ते टेपने मोजते. फुलं उसवण्याची तक्रार आली तर धाग्याची शेपटी, म्हणजे विणून झाल्यावर उरलेलं टोक, आखूड कापलेली असते. ती वीतभर ठेवा आणि ओवताना दिशा बदलून तीन वेळा फिरवा. निव्वळ गाठ मारून कापलेलं टोक कधीतरी सुटतंच.

कानातल्यांच्या कडा वळत असतील तर थर्माकोलवर टाचण्या लावून ताणा आणि कडक करून वाळवा. कॉर्नफ्लॉवरची खळ पावसाळ्यात मऊ पडते, बुरशीही धरते. पांढरा फेविकॉल समान पाण्यात मिसळून लावलेला बरा. हूक मात्र स्टेनलेस स्टीलचेच घ्या. स्वस्त हुकांतल्या निकेलने अनेकींच्या कानाला खाज सुटते, आणि अशी गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

नवरात्रातल्या नऊ रंगांचे सेट करणार असाल तर प्रत्येक रंगाचं लागणारं सगळं सूत एकदम घ्या, वेष्टनावरचा लॉट क्रमांक (एकाच वेळी रंगवलेल्या सुताचा क्रमांक) बघून. दुसऱ्या लॉटचा पिवळा शेजारी ठेवला की लगेच वेगळा दिसतो.

व्यवहाराचं थोडक्यात. ऑर्डर पक्की करताना निम्मे पैसे आगाऊ घ्या, नाव घालून करायच्या वस्तूचे पूर्ण. "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिचे पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. दुसऱ्याच्या वस्तूचे फोटो आपले म्हणून टाकू नका. त्यावरून ऑर्डर आली तर तशीच वस्तू तुमच्या हातून होईलच असं नाही.

वाणाच्या ऑर्डरी मी आताही घेते, पण आधी हळदीकुंकवाची तारीख विचारते. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे सगळ्यांना संक्रांतीच्या आदल्या दिवशी माल नको असतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ऑर्डरींच्या तारखा लिहिते आणि दिवसाला चार तासांच्या वर काम बसत असेल तर पुढच्या ताईंना नाही म्हणते. दर अर्ध्या तासाने सुई खाली ठेवून मनगट फिरवते.