सांस्कृतिक केंद्राचा आराखडा: आधी छेद, मग आकार

पाचशे खुर्च्यांचं प्रेक्षागृह, चित्रांचं एक दालन आणि दिवसभर लोकांनी ये-जा करावी असा दर्शनी भाग. नव्या वळणाच्या सांस्कृतिक केंद्राची मागणी साधारण अशीच असते, आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी बाहेरचं चित्र मागतं. ते देऊ नका. पहिले काही आठवडे फक्त इमारतीचा उभा छेद, म्हणजे ती उभी कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र, काढत राहा. छताची उंची, खुर्च्यांचा चढ, उजेड येण्याची वाट, हवेच्या डक्टची जागा, हे सगळं छेदातच ठरतं. प्लॅन नंतर हलवता येतो, दर्शनी भाग तर केव्हाही बदलतो. पण बीम एकदा पडली की दोन मीटर उंची कुठूनही आणता येत नाही.

असं केलं म्हणजे इमारत साधी चौकोनी होते, हा गैरसमज आहे. २००४ साली उघडलेलं सिएटलचं मध्यवर्ती ग्रंथालय बघा. कार्यालयं, पुस्तकं, बैठका, वाहनतळ अशी पक्क्या कामांची पाच खोकी एकावर एक रचून थोडी इकडेतिकडे सरकवली आणि मधल्या फटींमध्ये वाचनाच्या मोकळ्या जागा सोडल्या. या सगळ्यावर काच आणि पोलादाची जाळी ताणली. तो विचित्र दिसणारा आकार छेदातून आपसूक आलेला आहे.

खोल्यांची यादी

प्रत्येक खोलीपुढे पाच गोष्टी लिहा: माणसं किती, मोकळी उंची किती, बाहेरचा आवाज किती चालेल, उजेड किती हवा, आणि आत जाणारी सगळ्यात मोठी वस्तू कोणती. शेवटचा रकाना हमखास राहून जातो. मग चार मीटर उंचीचा नेपथ्याचा पडदा अडीच मीटरच्या दारासमोर उभा राहतो. रंगमंचामागचं दार किमान तीन मीटर रुंद आणि चार मीटर उंच ठेवा. माल उतरवायचा ओटा ट्रकच्या फळीच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून एक ते सव्वा मीटरवर घ्या, आणि शक्य असेल तर तीच पातळी रंगमंचाचीही धरा. म्हणजे एकही पेटी उचलावी लागत नाही.

वापराच्या जागांची बेरीज १००० चौरस मीटर आली, तर मार्गिका, जिने, भिंती आणि यंत्रांच्या खोल्या धरून बांधकाम १५०० ते १६०० पर्यंत जातं. १२०० मध्ये बसवून दाखवलेला आराखडा म्हणजे स्वच्छतागृहं किंवा एअर हँडलिंगची (हवा थंड करून खेळवणाऱ्या यंत्रांची) खोली कुठेतरी गाळलेली असते. स्वच्छतागृहांचं आणखी एक: नियमातली किमान संख्या दिवसभर विखुरलेल्या गर्दीला पुरते, पंधरा मिनिटांच्या मध्यंतराला नाही. स्त्रियांसाठी पुरुषांच्या निदान दुप्पट धरा.

प्रेक्षागृह: आधी घनफळ

भाषण स्वच्छ ऐकू यायला दर खुर्चीमागे ४ ते ५ घनमीटर हवा लागते, वाद्यवृंदाला ८ ते १०. दोन्ही करायचं असेल तर ७ धरा. पाचशे खुर्च्यांना ३५०० घनमीटर झाले. गल्ल्या धरून दर खुर्चीला ०.७५ चौरस मीटर, म्हणजे ३७५ चौरस मीटर जमीन. भागाकार केला की छताची सरासरी उंची सव्वानऊ मीटर निघते. हा आकडा पाहून खर्चाचा हिशेब ठेवणारा दचकतो आणि छत सहा मीटरवर आणायला सांगतो. त्याला काय उत्तर द्यायचं, ते सॅबाइनच्या सूत्रात आहे.

वॉलेस सॅबाइन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने बांधलेलं हे सूत्र अजूनही पहिल्या अंदाजाला पुरतं. निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर खोलीत मागे राहणारी घुमघुम, किती सेकंद टिकेल ते काढायला घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचं. एक चौरस मीटर शोषण म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा तेवढा पृष्ठभाग. आपल्याला १.४ सेकंद निनाद हवा असेल तर ३५०० घनमीटरला साधारण ४०० चौरस मीटर शोषण लागतं. भरलेल्या सभागृहात दर माणसामागे अर्धा चौरस मीटर धरला, तर प्रेक्षकच २५० शोषून घेतात. उरलेले १५० भिंती, जमीन, छत आणि रंगमंच यांच्यात वाटून घ्यायचे. आता छत सहा मीटरवर आणा: घनफळ २२५० होतं, भिंती कमी झाल्याने शोषण थोडं घटून ३७० च्या आसपास येतं, आणि निनाद एका सेकंदाखाली उतरतो. भाषणाला हे छान. पण सतार किंवा व्हायोलिन अशा खोलीत कोरडं वाजतं, आणि त्यावर पुढे इलाज नाही. जादा निनाद पडदे सोडून कमी करता येतो. नसलेला निनाद भिंती फोडल्याशिवाय मिळत नाही. म्हणून घनफळ संगीताच्या बाजूने झुकतं ठेवा आणि भाषणासाठी बाजूच्या भिंतींवर सरकते जाड पडदे घ्या. निनाद १.४ वरून १ सेकंदावर आणायला आणखी १६० चौरस मीटर शोषण लागतं. पडद्याचा शोषणांक (आदळलेल्या आवाजातला किती भाग तो गिळतो ते) ०.६ धरला तर ते २७० चौरस मीटर कापड झालं. हे कापड गुंडाळून ठेवायला भिंतीत खण लागतात. तेही छेदात आत्ताच दाखवा.

पुढचा धोका आकाराचा. समोरासमोरच्या दोन समांतर कडक भिंतींमध्ये टाळीचा आवाज इकडून तिकडे आपटत फडफडतो. अंतर्वक्र भिंत किंवा घुमट आवाज एका जागी गोळा करतो: तिथल्या चार खुर्च्यांवर कानठळ्या, शेजारी शांतता. मागची भिंत रंगमंचापासून वीस मीटरवर असेल तर पहिल्या रांगेला तिच्यावरून परतलेला आवाज शंभर मिलिसेकंदांहून उशिरा ऐकू येतो. पन्नासच्या पुढे बोलण्याचे दोन दोन तुकडे कानावर पडायला लागतात. त्यामुळे मागची भिंत एकतर शोषणारी करा, नाहीतर खोबणी-उंचवटे देऊन आवाज विखुरणारी. हँबुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहात हेच काम सुमारे दहा हजार जिप्सम फायबरचे पॅनेल करतात. प्रत्येकावर यंत्राने वेगवेगळे खड्डे कोरलेले आहेत.

खुर्च्या वाढवायचा मोह मात्र सगळ्यांत महाग पडतो. न्यूयॉर्कचं फिलहार्मोनिक हॉल १९६२ साली उघडलं. आराखडा सुमारे २४०० खुर्च्यांचा होता, वाटेत त्या २६०० च्या वर गेल्या आणि त्यासाठी आकारही बदलला. आवाजावर इतकी टीका झाली की १९७६ मध्ये आतलं सगळं काढून नवं करावं लागलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा. शेवटच्या खेपेला खुर्च्या २२०० पर्यंत खाली आणल्या.

नजर

समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेवरून मागच्याची नजर किती मिलिमीटर वरून जाते, त्याला सी-मूल्य म्हणतात. १२० उत्तम, ९० चालतं, ६० असेल तर मान वाकडी करावी लागते. प्रत्येक रांगेचा चढ असा काढा:

चढ = (उ + सी) × (अ + ख) ÷ अ − उ

इथे 'अ' म्हणजे पुढच्या रांगेतल्या डोळ्यांपासून रंगमंचावरच्या बिंदूपर्यंतचं आडवं अंतर, 'उ' त्या बिंदूपासून डोळ्यांची उंची, 'ख' रांगेची खोली. समजा अंतर १० मीटर, उंची ०.८, रांग ०.९५ आणि सी ०.०९. तर ०.८९ × १०.९५ ÷ १० − ०.८, म्हणजे १७५ मिलिमीटर. त्याच्या मागच्या रांगेला हेच गणित १८२ देतं. चढ मागे मागे वाढत जातो, जमिनीची रेषा किंचित वाकते. सरळ उतार दिलेल्या सभागृहात शेवटच्या रांगांची तक्रार येते ती यामुळे. बांधताना तीन-चार रांगांना एकच चढ द्या, पण त्या गटातला सगळ्यात मोठा आकडा घ्या.

बिंदू कुठे धरायचा? नृत्य होणार असेल तर थेट रंगमंचाच्या कडेला, जमिनीवर. पाय दिसलेच पाहिजेत. चेहऱ्यावरचे भाव वाचायचे असतील तर शेवटची खुर्ची साधारण वीस मीटरच्या आत हवी. आणि चाकाच्या खुर्चीची जागा फक्त मागच्या रांगेत देऊ नका. समोरचा प्रेक्षक टाळ्या वाजवायला उभा राहिला तरी नजर मोकळी राहील असा तिथला चढ वेगळा तपासा.

शांतता

रिकाम्या सभागृहात एअर कंडिशनरचा आवाज ऐकू आला तर वरचं सगळं गणित वाया. हवा मोठ्या डक्टमधून सावकाश आणा. जाळीपाशी वेग सेकंदाला दीड-दोन मीटरच्या वर नको. सगळ्यांत चांगलं म्हणजे खुर्च्यांखालून, १९-२० अंशांची हवा अगदी हळू सोडणं. त्यासाठी पायऱ्यांखाली पोकळी लागते, आणि तीही छेदातच.

बाहेर रेल्वे किंवा रहदारी असेल तर खोक्यात खोकं बांधतात: आतली खोली रबर किंवा स्प्रिंगवर टेकवायची, बाहेरच्या सांगाड्याला कुठेही लागू द्यायची नाही. एल्बफिलहार्मोनीचं मोठं सभागृह १२,५०० टनांचं, ३६२ स्प्रिंगांवर उभं आहे. साइटवर हे बिघडतं ते फार क्षुल्लक कारणाने. दोन भिंतींमधल्या फटीत सिमेंटचा लगदा पडून राहतो, किंवा प्लंबर एक पाइप दोन्हीकडे घट्ट क्लॅम्प करून टाकतो. एवढा एक पूल आवाजाला पुरतो. फट बंद करण्याआधी टॉर्च घेऊन पूर्ण लांबी तपासा आणि फोटो काढून ठेवा.

दालनातला उजेड

भर दुपारी बाहेर लाखभर लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो. कागद, कापड, जलरंग यांना ५० लक्स, तैलचित्रांना साधारण २०० लक्सच सोसतात. म्हणजे बाहेरचा उजेड पाचशे ते दोन हजारपट कमी करून आत घ्यायचा आहे. छताला थेट काच लावून वर पांढरा रंग मारणं हा उपाय नव्हे. वास्तुकार लुई कानने अमेरिकेतल्या फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात (१९७२) काँक्रीटच्या कमानीच्या माथ्यावर चिंचोळी फट ठेवली आणि तिच्याखाली ॲल्युमिनियमचा छिद्रं पाडलेला परावर्तक टांगला. ऊन आधी परावर्तकावर, तिथून कमानीच्या पोटावर, मग भिंतीवर येतं. दोनदा आपटलेला उजेड मऊ होतो. तुम्ही पाती वापरा, परावर्तक वापरा, काहीही करा. थेट किरण वर्षातल्या कुठल्याही तासाला चित्राच्या भिंतीवर पडत नाही हे २१ जून, २१ डिसेंबर आणि दोन्ही संपातांना (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी) प्रतिकृतीत तपासा. अतिनील किरण अडवणारी फिल्म काचेच्या आत लॅमिनेट केलेली घ्या. वरून चिकटवलेली काही वर्षांत सुटते.

कवच

आता बाहेरचा आकार. वक्र हवा असेल तर त्याची भूमिती आधी शोधा. सिडनी ऑपेरा हाउसची स्पर्धा वास्तुकार उत्झनने १९५७ मध्ये जिंकली, पण छताची ती शिडं कशी ओतायची हे काही वर्षं कुणालाच सुटेना. १९६१ मध्ये सगळी शिडं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे ठरवली, तेव्हा तेच ते साचे पुन्हा वापरता आले. तुमच्या पृष्ठभागावर सपाट पॅनेल किती, एकाच दिशेने वाकलेले किती, दोन्ही दिशांनी वाकलेले किती, ते मोजा. तिसरा प्रकार खर्च खातो. तो दहा टक्क्यांवर असेल तर आकार थोडा बदला. लांबून फरक कुणाला कळत नाही.

सांधे विसरू नका. सहा मीटरचं ॲल्युमिनियम पॅनेल ५० अंशांच्या फरकाने सुमारे सात मिलिमीटर लांबतं. चकचकीत अंतर्वक्र पत्रा तर भिंगच. लॉस एंजलिसच्या डिस्ने सभागृहाचे काही पत्रे शेजारच्या घरांवर ऊन फेकायला लागले, आणि २००५ मध्ये ते घासून निस्तेज करावे लागले. जिथे दोन वक्र मिळतात त्या खोबणीतच पाणी तुंबतं, म्हणून तिथलं गटार माणूस चालेल इतकं रुंद ठेवा आणि बाहेर सांडण्याचा जादा मार्ग द्या. ऑर्डर देण्यापूर्वी एका कोपऱ्याचा पूर्ण आकाराचा नमुना उभा करून त्यावर पाण्याचा फवारा मारा. कोपरा, सपाट भाग नव्हे. गळती नेहमी कोपऱ्यातूनच होते.

यंत्रणा बाहेर काढण्याचा मार्गही आहे. पॅरिसच्या १९७७ च्या पॉम्पिदू केंद्रात हवा निळ्या, पाणी हिरव्या, वीज पिवळ्या रंगाच्या नळ्यांमधून दर्शनी भागावर धावते, आणि आत खांबाविना जवळपास ४८ मीटरची मोकळी दालनं मिळतात. मोबदल्यात ऊन-पाऊस थेट यंत्रणेवर पडतो. १९९७ ते २००० ही इमारत दुरुस्तीसाठी बंद होती.

शेवटी छेद पुन्हा एकदा टेबलावर पसरा आणि त्यात शिडी घेतलेला एक माणूस काढा. नऊ मीटरवरचा दिवा तो कसा बदलणार, परावर्तकावरची धूळ कशी पुसणार, गटारातली पानं कशी काढणार? जिथे तो पोचत नाही तिथे कॅटवॉक (छतालगतची चालायची अरुंद वाट) किंवा दोर अडकवायची कडी आत्ताच काढून घ्या.