राजाच्या पतनावर कविता लिहिताय? या चुका टाळा

स्पर्धेच्या कवितांचा गठ्ठा हातात आला की मी आधी शेवटची ओळ बघतो. बहुतेक ठिकाणी तेच: 'गर्वाचे घर खाली'. अहो, ही म्हण वाचकाला त्याच्या आजीने शाळेत जायच्या आधीच ऐकवलेली असते! मी माझ्या कवितेचं शेवटचं कडवं तळहाताने झाकून वाचतो. कविता पुरी वाटली तर ते खोडतो. बहुधा खोडावंच लागतं.

गर्व-पर्व-सर्व हे यमक बंद करा. मोबाईलवर यमकं शोधणाऱ्यांना तर मी पहिल्याच फेरीत बाजूला ठेवतो.

रावणाची लंका आणि सिकंदराचे रिकामे हात यांनाही जरा विसावा द्या.

अभंग म्हणत असाल तर अक्षरं बोटांवर मोजा. मोठ्या अभंगाला सहा-सहा-सहा-चार. 'चालीत बसतं की' हे उत्तर मला सांगू नका.

आता माझी फजिती. तरुणपणी मी बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर कविता केली. अकबराच्या तोफा, ढासळणारे बुरूज, धुळीला मिळालेली खानदेशच्या फारुकी सुलतानांची सत्ता. जळगावच्या संमेलनात टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या टपरीवर रावेरकडचे एक केळीवाले म्हणाले, "भाऊ, बुरूज तर उभे आहेत. मागच्याच रविवारी चढून आलो मी." मग त्यांनीच सांगितलं: शेवटचा फारुकी सुलतान बहादूरशहा स्वतःच्या पायाने गड उतरून अकबराच्या छावणीत गेला आणि तिथेच अडकला. गड हाती आला जानेवारी 1601 मध्ये. खरी कविता त्या उतरण्यात होती आणि मी तोफा उडवत बसलो होतो. न बघता, न वाचता लिहिलं की असं होतं. नवशिक्यांना हे पटत नाही, त्यांना रात्रीत कविता हवी असते.

म्हणून आता आधी जाऊन येतो. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर ही फारुकींची सुरुवातीची राजधानी. तापीकाठच्या या गावात त्यांच्या कबरी आहेत, त्यातली एक अष्टकोनी, बाहेरून कोरीव. मी गेलो तेव्हा सावलीला शेळ्या बसल्या होत्या. राखणाऱ्या पोराला विचारलं, ही कोणाची? तो म्हणाला, "व्हई कोन्हीतरी राजानी."

दोन पावसाळे झाले, ते वाक्य वहीत तसंच आहे. अजून हात लावलेला नाही.