डिस्टेंपरच्या भिंतीवर वॉलपेपर टिकत नव्हता, शेवटी टिकला

हॉलमधल्या एका भिंतीला स्टिकरवाला वॉलपेपर लावला. चार दिवसांत वरच्या कडा सुटून लोंबायला लागल्या. पांढरा गोंद लावला, मग डबल टेप. दोन्ही रंगाच्या पोपड्यांसकट हातात आले. वैताग नुसता. शेवटी भिंतीवर तळहात घासला, तर पांढराफटक! कागद भिंतीला नव्हे, डिस्टेंपर रंगाच्या सुटलेल्या भुकटीला चिकटत होता.

मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने भिंत घासली. हात कोरा निघेपर्यंत ओल्या फडक्याने पुसली, दिवसभर सुकू दिली. वॉटर प्राइमरचा (रंगाआधी द्यायच्या अस्तराचा) एक हात मारून रात्रभर थांबले. वॉलपेपर वरून खाली, मागचा कागद वीत-वीतभरच सोलत, जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळून दाबत आणला. बुडबुड्याला टाचणी टोचली. पावसाळा उलटला, कडा जागेवर आहेत. भिंतीला ओल असेल तर मात्र आधी गळती काढा.