पीएच.डी. समन्वयक झालात? आधी कपाट उघडा

विभागाच्या पीएच.डी. समन्वयकाची जबाबदारी आली की पहिला उत्साह व्याख्यानमाला आखण्यात जातो. ती पुढच्या सत्रात करा. आधी प्रत्येक संशोधकाची फाईल काढून चार तारखा एका शीटमध्ये उतरवा: नोंदणी, कोर्सवर्क (सुरुवातीचा अनिवार्य अभ्यासक्रम) पूर्ण झाल्याची, सल्लागार समितीच्या (आरएसी) शेवटच्या बैठकीची आणि मुदत संपण्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत पीएच.डी. पूर्ण करायला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत मिळते, पण एकूण १० च्या पुढे जाता येत नाही.

पाचवी तारीख मार्गदर्शकाच्या निवृत्तीची. सेवा ३ वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर त्यांना नवा विद्यार्थी देता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी ८ विद्यार्थी, सहयोगीकडे ६, सहायककडे ४ ही मर्यादा सगळ्यांना पाठ असते. निवृत्तीची तारीख मात्र प्रवेशाची यादी लागल्यावर आठवते.

खरी कसोटी आरएसीची. बैठक दर सत्राला व्हायला हवी, आणि तिचा निमंत्रक मार्गदर्शकच असतो. त्यामुळे बैठक लांबली तर विद्यार्थी कुणाला सांगणार? तारखा सत्राच्या सुरुवातीलाच तुम्ही ठरवून नोटीस काढा. बैठकीआधी विद्यार्थ्याशी दहा मिनिटं एकट्याने बोला. आठ महिन्यांत प्रकरण वाचून परत मिळालेलं नाही, ही गोष्ट तो मार्गदर्शकासमोर कधीच बोलणार नाही.

इतिवृत्तात ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा कुणालाच उपयोग नाही. असं लिहा: ‘४० पैकी २२ मुलाखती पूर्ण. दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा १५ जानेवारीपर्यंत मार्गदर्शकांकडे. अभिप्राय १५ फेब्रुवारीपर्यंत.’ तारीख दोघांवरही पडली पाहिजे. काम असमाधानकारक असेल तर कारणं आणि उपाय नोंदवणं समितीवर बंधनकारक आहे. नोंदणी रद्द करण्यापर्यंत वेळ आली आणि मागची सगळी इतिवृत्तं ‘समाधानकारक’ म्हणत असली, तर विभागाकडे बोलायला तोंड उरत नाही.

जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचे) पैसे अडतात ते बहुधा आपल्याच दारात. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दर महिन्याला संस्थेतल्या एकाने (मेकर) नोंद करावी लागते आणि दुसऱ्याने (चेकर) तिला मंजुरी द्यावी लागते. दोघांपैकी एक रजेवर गेला की विद्यार्थ्याचं घरभाडं थकतं. पर्यायी माणूस आधीच नेमून ठेवा. दोन वर्षांनी एसआरएफसाठी (वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी) मूल्यमापन समिती बसवावी लागते, तिची तारीखही त्याच शीटमध्ये टाका.

प्रबंध सादर होण्याआधी आरएसीसमोर खुलं सादरीकरण असतं. बहिःस्थ परीक्षकांच्या नावांची तयारी तेव्हाच सुरू करा. प्रबंध आल्यापासून मूल्यमापन ६ महिन्यांत संपायला हवं, आणि त्यातले दोन महिने नुसते नावं जुळवण्यात सहज जातात.

वाङ्मयचौर्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच जाते. मराठी प्रबंधात इथे वेगळीच गोम असते. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर सॉफ्टवेअरला तो निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. मग साम्य शून्याच्या आसपास येतं आणि सगळे खूश! तो अहवाल ग्राह्य धरू नका. मजकूर युनिकोडमध्ये आणायला सांगा, आणि तेही पहिल्याच प्रकरणापासून. तीनशे पानं रूपांतरित करताना जोडाक्षरं आणि रफार हमखास तुटतात.